डाव्या हाताच्या करंज्या

नाताळाला आमच्या घरी करंज्या होतात. एवढं साधं वाक्य, पण ते मी आयुष्यात इतक्या लोकांना सांगितलंय की आता सांगताना आवाज आपोआप चढतो. समोरचा हमखास विचारतो, "करंज्या? दिवाळीच्या उरलेल्या?" उरलेल्या कशाला, ताज्या. "पण तुम्ही लोक केक करता ना?" ह्या 'तुम्ही लोक'पाशी माझं डोकं सटकतं. आम्ही लोक सोलापूरचे. आमचे पूर्वज वैरागच्या बाजूचे, ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगाच्या चटणीवर पोसलेले. त्यांनी देव बदलला, जीभ तीच राहिली. सण आला की कढई चढवायची एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून प्रभूच्या जन्माला त्यांनी कढई चढवली. ओव्हन होता कुणाच्या घरात? चकली, शेव, शंकरपाळी, चिवडा, लाडू आणि ह्या सगळ्यांच्या वर करंजी, असा आमचा नाताळ. केकशी माझं वैर नाही. मिळाला तर दोन तुकडे खाते. पण करंजी आम्ही कुणाकडून उसनी आणली आहे असं कुणी सुचवलं की मी भांडते, आणि भांडायला मला आवडतं.

ही हकीकत मात्र त्या भांडणाची नाही, घरातल्या भांडणाची आहे. गेल्या नाताळात आईला करंज्या करायच्या होत्या, आणि तिनं त्या करू नयेत असं बाकी सगळ्यांनी ठरवलं होतं.

आई नर्स होती. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत तिला अजून सगळे 'सिस्टर'च म्हणतात. कुणाला इंजेक्शन द्यायचं असो की कुणाचं बीपी बघायचं असो, लोक आधी आमची बेल वाजवायचे. ज्या म्हाताऱ्या माणसांची शीर दवाखान्यात सापडत नसे, त्यांची आईला बोट फिरवताच सापडायची. तो तिचा उजवा हात. आणि तोच हात डिसेंबरात करंजीला मुरड घालायचा.

पुरीत सारण भरून ती दुमडली की कड बंद करावी लागते. बहुतेक घरांत ती कड कातण्यानं, म्हणजे त्या दातेरी फिरकीनं कापतात, नाहीतर साच्यात दाबतात. आईनं कातण्याला कधी हात लावला नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत कड धरून ती दुमडत दुमडत जायची, बारीक, सारखी, वेणी घातल्यासारखी. ही मुरड. मुरड सैल पडली तर करंजी तेलात उकलते, सारण बाहेर येऊन जळतं आणि सगळा घाणा काळा होतो. आईची करंजी उकललेली मी कधी बघितली नव्हती. इमारतीतल्या बायका ताटातली करंजी बघून सांगायच्या, ही सिस्टरची.

घरात कामं वाटलेली होती. बाबा होते तोवर खोबरं किसणं आणि रवा भाजणं त्यांच्याकडे. सारणात आई शेंगदाण्याचं भरड कूट घालायची. पुण्याच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली तरी घालायची. मी लाटायची. भाऊ खायचा. भरणं आणि मुरड आईकडे. मी पन्नाशीला आले तरी माझी जागा पोळपाटापाशीच होती, आणि त्याला कारण होतं.

मी डावखुरी आहे.

आईच्या माहेरी-सासरी तिच्या आधीच्या दोन पिढ्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. जुने उपास गेले, जुने नवस गेले, मुहूर्त गेले. डावा हात मात्र जसा होता तसाच राहिला. डाव्या हातानं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, जेवायचं तर नाहीच नाही. रविवारच्या उपदेशातही चांगली माणसं प्रभूच्या उजव्या बाजूलाच असायची, त्यामुळे आईला दोन्हीकडून पाठिंबा. शाळेत बाईंनी पट्टी मारून मला उजव्या हातानं लिहायला शिकवलं. मी घरी येऊन आईला वळ दाखवले, तर आई म्हणाली, बाईंचं बरोबर हाय. अजून मी फळ्यावर उजव्या हातानं लिहिते (मीही शाळेतच शिकवते), आणि भाजी चिरताना, केस विंचरताना, कुणाला मारायला हात उगारताना माझा डावाच हात पुढे येतो.

मी सहावी-सातवीत असेन. नाताळाच्या आधीची दुपार होती, आई ड्यूटीवर, बाबा सारण करून बाहेर गेलेले. मी ठरवलं, आईचं काम हलकं करावं. पुऱ्या लाटल्या, भरल्या आणि डाव्या हातानं मुरड घातली. जमली. खरंच चांगली जमली, आजही मी छाती ठोकून सांगेन. ताटभर झाल्या. आई आली, चपला काढल्या, ताटाकडे बघितलं. माझी मुरड दुसऱ्या दिशेनं गेली होती. हात दुसरा म्हटल्यावर ती दुसरीकडेच जाणार. आई म्हणाली, "उलटी मुरड. नाताळाच्या ताटात असलं चालायचं न्हाय." आणि तिनं ती एकेक करंजी माझ्यासमोर उकलली. सारण पातेल्यात परत गेलं, पिठाचा पुन्हा गोळा झाला, लाटणं माझ्या पुढ्यात आलं. "तू लाट," ती म्हणाली.

ताटं वाटायलाही मीच जायची. विणलेल्या रुमालानं झाकलेलं ताट घेऊन मी एकेका दारात उभी राहायची आणि आई मागून पुटपुटायची, "उजव्या हातानं." दर दारात. दर वर्षी. मी मोठी झाले, नोकरीला लागले, माझ्या पगारातून ह्या फ्लॅटचे हप्ते गेले, तरी दारात ताट पुढे करताना मागून ते यायचंच, "उजव्या हातानं."

त्या दुपारचा राग मला अजून आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांचा निवतो त्यांचा निवो. मी तेव्हा एक केलं, आई ड्यूटीवर गेली की उरलेल्या कणकेच्या पारीला मुरड घालून बघायची आणि ती यायच्या आत मोडून टाकायची. पुढे वर्षानुवर्षं केलं. नाताळाच्या ताटात माझी एकही करंजी गेली नाही, पण हात मी विसरू दिला नाही.

गेल्या श्रावणात सकाळी चहा पिताना आईच्या उजव्या हातातून कप निसटला. फुटलेल्या कपाकडे बघून, मग स्वतःच्या हाताकडे बघून ती शांतपणे म्हणाली, "लकवा हाय. रिक्षा बोलव." तोंड वाकडं झालं होतं, शब्द जड येत होते, पण निदान तिनं डॉक्टरांच्या आधी केलं. दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती काठी धरून थोडंफार चालायला लागली होती, बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र आला नाही. त्याची मूठ वळली ती वळलीच. रोज सकाळी मी तेल लावून तिची बोटं एकेक करून उघडते, आणि दुपारपर्यंत ती परत मिटतात.

घरी आल्यावर पहिल्यांदा जेवायला वाढलं तेव्हाची गोष्ट. मी भरवायला गेले तर मान फिरवली. चमचा दिला तर बाजूला सारला. मग ताटाकडे बघत बसली आणि मला म्हणाली, "तिकडं तोंड कर." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या पाठीमागे आई आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातानं जेवली. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मनात आलं की आता कळलं का.

डिसेंबर लागला तसे सगळे बोलायला लागले. पुण्याला इंजिनिअर असलेल्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, ह्या वर्षी करंज्या-बिरंज्या काही काढू नका. मी इथून प्लम केक आणतो, मस्त बॉक्समध्ये. इमारतीत वाटून टाकू. लोकांनाही तेच हवं असतं." चर्चच्या महिला मंडळातल्या बायका प्रार्थनेला आल्या, प्रार्थना झाल्यावर आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, आयुष्यभर केलंत, आता विश्रांती घ्या. सगळं रेडिमेड मिळतं आता." खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. ह्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. भाजीवाल्यानं डाव्या हातानं कोथिंबीर पुढे केली तर तो हात बदलेपर्यंत त्या तशाच उभ्या राहतात. पण मनानं मोकळ्या. "मी करून देते की, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुमी निस्तं बसून बघा. माझ्याकडं कातणं हाय, लई झटपट होतंय."

आईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. कातणं हा शब्द आला तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी पडली, तेवढंच. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "खोबरं आणलंस का?"

"कोण करणार?"

"मी."

"कशी?"

"ते मी बघीन. खोबरं आण."

मी आणलं. मी फार गुणी मुलगी आहे म्हणून नाही. 'विश्रांती घ्या' ह्या शब्दांची मला चीड आहे. बाईच्या हातातून काम काढून घ्यायचं, तिला कोपऱ्यात खुर्ची द्यायची, आणि वर तिच्यावर उपकार केल्यासारखं गोड बोलायचं. आई हट्टी आहे, तोंडाची फटकळ आहे, माझ्या बाबतीत तिनं जे केलं ते मी विसरलेली नाही. पण तिच्या घरात तिच्या हयातीत तिची करंजी बंद करायची असेल, तर ती तिनं करावी. पुण्याहून फोन करून कुणी करू नये.

भाऊ आला तो हातात बॉक्सची चळत घेऊनच. ते सोनेरी रिबिनीचे डबे त्यानं डायनिंग टेबलावर मांडले. मी ते उचलून पलंगावर ठेवले, कारण टेबलावर मला पोळपाट मांडायचा होता.

"ताई, तू ऐकणार नाहीस ना?"

"नाही."

"अगं, तिला एका हातानं काय जमणार आहे? उगीच मनाला लागेल तिच्या."

"तिचं मन आहे. लागलं तर तिला लागेल. आणि तुझ्या केकमध्ये अंडं आहे, खालच्या काकू त्याला शिवणारसुद्धा नाहीत. त्यांना काय रिबीन देणार आहेस?"

तो डब्यांशेजारी पलंगावर जाऊन बसला. माझ्याशी वाद घालायचा नाही हे तो लहानपणापासून शिकलाय.

आईला टेबलापाशी खुर्चीत बसवलं. मांडीवर उशी, उशीवर स्वच्छ टॉवेल. मी लाटायला बसले, पुऱ्या ओल्या फडक्याखाली झाकत गेले. तिनं डाव्या हातानं चमचा धरून सारण भरलं, थोडं सांडलं, कडेला दुधाचं बोट लावलं, पुरी दुमडली. इथवर ठीक. मग तिनं उजव्या टोकाला चिमटीत कड धरली, जिथून ती जन्मभर सुरू करत आली होती. डावा अंगठा स्वतःच्याच बोटांवरून वाकडा होऊन पलीकडे पोचायला लागला. दोन दुमडी पडल्या, तिसरी घालताना पहिली सुटली. तिनं परत घातली. परत सुटली. शेवटी कशीबशी मिटवून तिनं ती करंजी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

मी पहिल्याच करंजीला ओळखलं होतं तिचं काय चुकतंय ते. उजव्या हाताची मुरड ती डाव्या हातानं घालायला बघत होती. तशी ती कुणालाच येणार नाही. पण मी बोलले नाही. लाटत राहिले.

पहिला घाणा मी तेलात सोडला. क्षणभर बरा दिसला, मग एका करंजीची कड उघडली, पाठोपाठ दुसरीची. सारण भसकन बाहेर आलं, साखर जळली, घरभर करपट वास. भाऊ ताडकन उठला. "पुरे झालं. बंद कर ते." तो गॅसकडे गेला.

"गॅसला हात लावू नगंस," आई म्हणाली. शब्द जड होते, पण आवाज वॉर्डातला होता. भावानं हात मागे घेतला.

मी तेल गाळलं, कढई पुसली, परत ठेवली. आईनं पुढची पुरी घेतली. पुन्हा उजवं टोक. पुन्हा अंगठा वाकडा. ह्या वेळी कड नुसती सुटली नाही, फाटली. आईनं ती करंजी मुठीत चुरडली आणि टेबलावर आपटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबा गेले तेव्हाही मी तिला सगळ्यांसमोर रडताना बघितलं नव्हतं. भाऊ माझ्याकडे बघत होता, झालं तुझं समाधान, अशा नजरेनं.

मी लाटणं खाली ठेवलं.

"आई, दुसऱ्या टोकापासून सुरू कर."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

आणि मग इतक्या वर्षांचं जे आत होतं ते एकदम तोंडात आलं. "मलाच कळतंय! ह्या घरात डाव्या हाताचं कुणाला काही कळत असेल तर ते फक्त मला. तुला न्हाय, त्याला न्हाय, त्या महिला मंडळाला न्हाय. मला!" चिडले की माझी भाषा वैरागला जाते. "तू माझ्या ताटभर करंज्या उकलल्यास. माझ्या डोळ्यांदेखत. आठवतंय का?"

भाऊ आमच्याकडे बघत राहिला. त्याला ही गोष्ट माहीतच नव्हती. आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, कसल्या करंज्या, कधीचं उकरून काढतीस.

"आठवतंय," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला बसले. पुरी घेतली, भरली, दुमडली, आणि डाव्या टोकापासून मुरड घालत गेले. माझ्या हातानं मला दगा दिला नाही. कड बारीक, सारखी, घट्ट मिटत गेली. आई वाकून बघत होती. नर्स बघते तसं, बोटं कुठं ठेवते, दाब कुठं देते.

"तुला येतंय की," ती म्हणाली.

"येतंय."

"कवा शिकलीस?"

"तू लाटायला बसवलंस त्यानंतर. तू ड्यूटीवर असताना."

तिनं पुरी घेतली. पण करंजी धरायला दुसरा हात नव्हता, टेबलावर ती सरकत होती. तेव्हा आईनं स्वतःच्या डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला आणि टॉवेलवर उताणा ठेवला. मला म्हणाली, "उघड." मी रोज सकाळी उघडते तसं एकेक बोट उघडलं. तिनं त्या उघड्या तळव्यावर करंजी ठेवली. ज्या हातानं तिनं जन्मभर मुरड घातली तो हात आता करंजीचा पाट झाला, आणि डाव्या हातानं, डाव्या टोकापासून, तिनं पहिली दुमड घातली. मग दुसरी. तिसरी घालताना पहिली सुटली नाही.

"ही उलटी व्हनार," ती कडेकडे बघत म्हणाली.

"होणारच."

"हं."

आईनं माफी मागितली नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगते, कारण ही हकीकत ऐकली की सगळे तेच विचारतात. मागितली नाही, आणि मागितली असती तर मला त्याचं काय करावं कळलं नसतं. तिनं एवढंच केलं, ती करंजी पुरी करून ताटात ठेवली, मान वर केली आणि भावाला म्हणाली, "असा उबा काय राहिलास? लाटायला बस. ही हितं पायजे मला."

माझ्या हातात लाटणं आलं त्याला चाळीसएक वर्षं झाली होती. ते मी भावाच्या हातात दिलं. देताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. भाऊ बसला बिचारा, बाह्या सरसावून. त्याची एक पुरी गोल होईल तर शपथ. एक हुबेहूब मोहोळ तालुक्याच्या नकाशासारखी झाली. आई म्हणाली, "इंजिनेर हाय म्हनं," आणि त्या आजारानंतर मी तिला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून मुरड घालत राहिलो. सुरुवातीच्या तिच्या करंज्या जाडजूड होत्या, संध्याकाळ होईपर्यंत बारीक यायला लागल्या. तिची बोटं मधूनमधून मिटायची, मी उघडायची. पुढच्या घाण्यात एक करंजी उकलली, ती माझी होती.

नाताळाच्या सकाळी चर्चमधून आल्यावर मी ताटं भरली. चकली आणि शंकरपाळी खाली, चिवडा बाजूला, वर करंज्या. आईच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या ते मलाही सांगता आलं नसतं, सगळ्यांची मुरड एकाच दिशेला. भावाचे केकही घरोघर गेले. पोरांनी आवडीनं खाल्ले. बाकीच्यांच्या घरी ताटं देऊन भाऊ आला, पण काकूंचं ताट आई देऊ देईना. "तितं मी येनार," म्हणाली. एक मजला लिफ्टनं खाली जायला आम्हाला बराच वेळ लागला. मी ताट घेऊन पुढे, ती काठीवर डाव्या हातानं भार देत, उजवी मूठ छातीशी धरून मागे.

काकूंनी दार उघडलं. "अय्यो, सिस्टर! तुमी कशाला आलाव? या की, आत या." मग त्यांनी सवयीनं माझ्या हातातल्या ताटावरचा रुमाल उचलला आणि वाकून बघितलं. दर वर्षी बघतात. एक करंजी उचलून त्यांनी तिची कड डोळ्यांजवळ नेली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "ह्याची मुरड उलटी हाय की वो."

पुन्हा सहावी-सातवीतल्या मुलीसारखी मी ताट धरून दारात उभी होते. मला वाटलं, आई आता सांगेल, हात गेला माझा, पोरीनं केल्यात, गोड मानून घ्या.

"उलटी कुटं हाय?" आई म्हणाली. "आमच्या घरची अशीच असती."

इतकी वर्षं आमच्या करंज्या खाल्लेल्या काकूंनी आईकडे बघितलं, तिच्या छातीशी धरलेल्या मुठीकडे बघितलं, आणि करंजी परत ताटात ठेवली. "व्हय की," त्या म्हणाल्या. "अशीच असती." आणि ताट घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

मी ताट उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मागून कुणी काही पुटपुटलं नाही.